आधी तू चाख

नाब्विले कुणाच्याही हातचं पाणी सरळ पीत नसे. देणाऱ्याने आधी स्वतः घोट घ्यायचा, तिच्या डोळ्यांदेखत गिळायचा, मग ती थोडा वेळ थांबणार, कारण विषाला चढायला वेळ लागतो, आणि मग भांडं तोंडाला लावणार. तशी ही रीत आमच्याकडे सगळ्यांचीच. पाहुण्यापुढे नाचणीच्या दारूचं मडकं ठेवलं की यजमान नळीने पहिला घोट स्वतः ओढतो. पण ती रीत दारूपुरती. नाब्विलेने ती पाण्याला लावली, पेजेला लावली, शेजारणीने भाजून दिलेल्या कणसालाही लावली. सून नामाएम्बा नवी नवरी होऊन घरात आली, तेव्हा पहिल्या सकाळी तिने सासूसाठी पेज करून आणली. नाब्विलेने वाडग्यात नाक घालून वास घेतला आणि वाडगं परत तिच्याच हातात दिलं.

"आधी तू चाख."

नामाएम्बाने चाखली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते धुराने आलं असं तिने सांगितलं.

नामुखेले गावात यावर पुष्कळ विनोद होते. नाब्विले आरशात बघायच्या आधी आरशालाच बघायला लावते, असं पाणवठ्यावरच्या बायका म्हणत. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि नाब्विलेचं तोंड चांगलंच पोळलेलं होतं. तरुणपणी एकदा काटे-तराजू घेऊन साहेब आले होते, त्यांनी गावाची सगळी कॉफी मोजून नेली, ती नेलीच. ते एक असो. तिची थोरली मुलगी नांजाला तापाने फणफणली होती तेव्हा गावात एक पांढरी गाडी आली होती. गाडीतल्या पांढऱ्या कोटवाल्या माणसाने पोरांना रांगेत उभं करून सुया टोचल्या, नांजालालाही टोचली. पोर गेली. तापाने गेली की सुईने, हे कुणी सांगितलं नाही, आणि विचारावं असा माणूस पुन्हा गावात आला नाही. गाडी आली तशी गेली. तेव्हापासून पांढरी गाडी दिसली की नाब्विले पोरंबाळं घरात कोंडायची.

आता घरात पोर एकच होतं. तिचा मुलगा वांगिला दूर नाकुरू शहरात पहारेकरी होता, वर्षात कधीतरी यायचा. सून सकाळी उसाच्या शेतात खुरपायला जायची ती दिवस कलल्यावर परतायची. दिवसभर नातू नाब्विलेच्या पदरात. नाव सितुमा, तेही साधंसुधं ठेवलेलं नाही. नाब्विलेचा मेलेला नवरा, म्हातारा सितुमा, तिच्या स्वप्नात आला आणि दारात उभा राहून पेज मागायला लागला. मेलेल्याने असं येऊन काही मागितलं की त्याचं नाव पोराला द्यावंच लागतं. म्हणून नातू हा नाब्विलेचा नवरा झाला. ती त्याला तसंच हाक मारायची.

"काय हो धनी, आज शेत नांगरायला नाही गेलात?" असं म्हणत ती त्याचं नाक पुसायची.

यात एक अडचण होती. म्हाताऱ्या सितुमाच्या बायका दोन. धाकटी खाकासा त्याच अंगणात पलीकडच्या घरात राहायची. ती जाता-येता पोराचा गालगुच्चा घ्यायची आणि म्हणायची, "तुझ्या हातचं जेवून कंटाळलाय गं तो, अक्का. मागच्या जन्मीही माझ्याकडेच जेवायचा." नाब्विले तिला चुलीतलं लाकूड दाखवायची. एवढ्या वर्षांत दोघींची भांडणं मुरून लोणच्यासारखी झाली होती, त्याशिवाय जेवण जात नसे.

ही खाकासा गावाची आरोग्यसेविका होती. बिनपगारी, पण अंगात निळं जाकीट. त्या जाकिटापायी नाब्विलेचा तिच्यावरचा जुना संशय पुन्हा ताजा झाला होता. फुकट कोण कुणाचं काम करतं?

मग संशोधनवाले आले. गावावर सरकारने नेमलेल्या चीफच्या अंगणातल्या आंब्याखाली सभा भरली. आपल्याकडची मुलं वयाच्या मानाने बुटकी का राहतात, याचा त्यांना शोध घ्यायचा होता. पोटातल्या जंतांनी राहतात, घाणीने राहतात, की खाण्यात काही कमी पडतं म्हणून? चिठ्ठ्या टाकून गावं वाटली गेली. एका गावाला संडासासाठी सिमेंटच्या लाद्या आणि हात धुवायला झाडाला टांगलेली डबडी, एका गावाला अंडी, आणि एका गावाला काहीच नाही, नुसतं दर काही दिवसांनी मुलं मोजणार.

"नुसतं मोजणार?" नाब्विले मागच्या रांगेतून ओरडली. "मेंढरं आहेत का ती, बाजारात काढायला?"

लोक हसले. नामुखेलेच्या चिठ्ठीत अंडी निघाली. ज्यांच्या घरी दोन वर्षांखालचं मूल, त्यांना रोज एक.

आठवड्याभरात आमोइत नावाची मुलगी मोटरसायकलवरून आली. शेजारच्या तेसो जमातीतली, पँट घातलेली, पण आमची भाषा आमच्यापेक्षा स्वच्छ बोलायची. नाब्विलेला तेच खटकलं. परक्याने आपली भाषा शिकावी, यामागे काहीतरी हेतू असणारच. आमोइतने नम्रपणे प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाणी कुठून आणता, उकळता का, संडास कोण कोण वापरतं.

"आणि आजी, बाळाची शी कुठे टाकता?"

"का? तुला हवीय?"

आमोइतने पिशवीतून झाकणाची एक छोटी डबी काढली. हवीच होती. त्या दिवसापासून नाब्विलेला कशाचंच नवल वाटेनासं झालं. माणसाची नखं, केस, विष्ठा शत्रूच्या हाती पडू द्यायची नसते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिने डबीत शेळीच्या दोन लेंड्या कुस्करून दिल्या. नामुखेलेच्या पोरांच्या पोटाबद्दल पुढे शहरात काय निष्कर्ष निघाला असेल, देव जाणे.

मग आमोइतने मोटरसायकलच्या मागून एक लांब लाकडी पाटी सोडली. खाली फळी, डोक्याशी आडवी फळी, पायाशी सरकणारी फळी. नाब्विले पोराला पोटाशी धरून दोन पावलं मागे गेली.

"हे काय आहे?"

"बाळाची उंची मोजायची पाटी, आजी. यात निजवायचं."

"उभं करून मोज की. भिंतीवर खूण कर."

"एवढी लहान मुलं नीट उभी राहत नाहीत. आडवीच मोजतात."

"आमच्याकडे आडवं मोजतात ते मेलेल्याला. सुतार येतो, दोरी लावतो, पेटी करायला जातो. तू सुताराची कोण लागतेस?"

नामाएम्बा त्या दिवशी घरी होती. तिने हलकेच सासूच्या हातातून पोर घेतलं आणि पाटीवर निजवलं. नाब्विले दोन्ही बाजूंना थुंकली, नजर उतरावी म्हणून. पोर रडलं, मोजून झालं.

"वयाच्या मानाने बराच लहान आहे," आमोइत म्हणाली.

"त्याचा आजाही बुटकाच होता. त्याचं काही अडलं नाही. दोन बायका केल्या त्याने."

दुसऱ्या दिवशी खाकासा अंडी घेऊन अंगण ओलांडून आली. मोठी, तांबडी, एकसारखी अंडी, सगळी जणू एकाच कोंबडीने एकाच सकाळी घातलेली. नाब्विलेने एक हातात घेऊन वजन पाहिलं, हलवून कानाशी धरलं.

"आधी तू चाख."

"अक्का, मी अंडं खात नाही, तुला माहीत नाही का?"

खरंच होतं ते. आमच्याकडच्या जुन्या बायका कोंबडी कापतात, शिजवतात, पुरुषांना वाढतात, पण तोंडाला लावत नाहीत. अंडं तर नाहीच. अंडं खाणाऱ्या बाईचं मूल टकलं जन्मतं, आणि म्हातारपणी खाल्लं तर लोक चोरटी म्हणतात. नाब्विलेनेही आयुष्यात कधी अंड्याला जीभ लावली नव्हती.

"म्हणजे तू खात नाहीस, मी खात नाही, आणि पोराने खायचं?" नाब्विले म्हणाली. "बरी गंमत आहे."

"पोराच्या भल्यासाठी आहे गं. रोज एक, उकडून, त्यालाच. आणि टरफलं ठेव, मला दाखवायची असतात."

"टरफलं दाखवू? म्हणजे उद्या कुणीतरी त्यावर मंत्र टाकायचा. टरफलं मी संडासात टाकणार."

खाकासाने कपाळावर हात मारला आणि गेली. सवतीशी टरफलांवरून भांडायला तिला त्या दिवशी वेळ नव्हता. तिची तेवढीच चूक, पण ती महागात पडली.

आता चाखायला माणूस नाही म्हटल्यावर नाब्विलेने दुसरा उपाय काढला. तिची काळी कोंबडी नुकतीच खुडूक झाली होती, टोपलीत चार-पाच घरची अंडी घेऊन बसली होती. घरची अंडी लहान, पांढुरकी. नाब्विलेने त्यांच्याशेजारी ही तांबडी अंडी सरकवली. ज्या अंड्यात चांगलं काही असेल त्यातून पिल्लू निघेल, वाईट असेल तर निघणार नाही. माणूस चाखत नाही तर कोंबडी चाखेल. शिवाय निघालंच पिल्लू, तर त्याची कोंबडी होईल, कोंबड्यांची शेळी होईल, शेळ्यांची कालवड. एका घासात कालवड गिळणारा माणूस मूर्खच म्हणायचा. पुढच्या आठवड्यांत आलेली अंडी तिने राखेच्या मडक्यात पुरून ठेवली, निकाल लागेपर्यंत.

सुनेला तिने यातलं काही सांगितलं नाही. नामाएम्बा शेतातून आल्यावर विचारायची, "आई, खाल्लं का त्याने अंडं?"

"खाल्लं, खाल्लं," नाब्विले म्हणायची. खाकासाने विचारलं तरी तेच उत्तर. तिला हे खोटं बोलणं वाटतच नव्हतं. पोराला उपाशी थोडंच ठेवलं होतं? कसावा आणि मक्याची पांढरीशुभ्र पेज, वर साखर, दिवसातून मागेल तितक्या वेळा. डाळ-शेंगांनी पोट फुगतं म्हणून त्या नाहीत, आणि गाय आटलेली. पण पेज भरपूर. ती स्वतःच्या हाताने भरवायची, भरवण्याआधी स्वतः चाखायची.

घरची अंडी फुटली, ओली ओली पिल्लं बाहेर आली, उन्हात वाळून कापसाची झाली. तांबडी अंडी तशीच. नाब्विलेने आणखी काही दिवस वाट पाहिली, कारण ती अन्याय करणारी बाई नव्हती. शेवटी कोंबडीनेच टोपली सोडली. एकाही तांबड्या अंड्याला तडा गेला नव्हता.

कोंबडी तीच, टोपली तीच, ऊब तीच. दोष अंड्यात असल्याशिवाय असं कसं होईल? तिने घाईने राखेचं मडकं उपसलं आणि त्यातली अंडी संडासाच्या भोकात एकेक सोडली. उबवलेली मात्र टोपलीतच ठेवली, पुरावा म्हणून. मग घागर घेऊन पाणवठ्यावर गेली.

"मेलेली अंडी आहेत ती," तिने सांगितलं. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कसं ते विचारू नका. ज्यात जीवच नाही ते खाऊन पोरांत जीव कुठून येणार? आपल्या मुलांचं बी मारायला निघालेत हे लोक. आज बुटकी म्हणून मोजतात, उद्या वांझ करून सोडतील."

नेहमी तिला हसणाऱ्या बायका त्या दिवशी हसल्या नाहीत. प्रत्येकीच्या मनात कुठेतरी एक पांढरी गाडी होतीच. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कुणी अंडी उसात फेकली, कुणी ओढ्यात. खाकासा दारोदार फिरून घसा कोरडा करत होती, पण तिच्या तोंडावर दारं लागत होती. गावातली कुत्री त्या दिवसांत गलेलठ्ठ झाली, याकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही.

इकडे सितुमा भरू लागला होता. काडीसारखे पाय गोल झाले, गाल वर आले. केसांवर तांबूस झाक आली. नाब्विले त्याला उन्हात बसवून कौतुकाने बघायची. "धनी, अंगाला लागली की माझी पेज! आणि हे म्हणे, अंडी हवीत." पोर हसायचं नाही, रडायचंही नाही, ठेवलं तिथे बसून राहायचं. शहाणं झालंय, असं तिला वाटायचं.

नामाएम्बाला मात्र तसं वाटेना. रात्री कुशीत घेतलं की पोराची कातडी ताणल्यासारखी चमकायची. तिने पाणवठ्यावरची गोष्ट ऐकली होती, आणि तिच्या हिशेबाने पोराने ती अंडी इतके आठवडे खाल्ली होती.

म्हणून मोजणीच्या दिवशी ती कामावर गेली नाही. आमोइतची मोटरसायकल अंगणात थांबली तेव्हा कुंपणाशी आधीच पंधरा-वीस माणसं जमली होती. नेहमीसारखा कुणी नमस्कार केला नाही. खाकासा निळं जाकीट घालून आमोइतच्या बाजूला उभी राहिली, भ्यालेली दिसत होती, पण उभी राहिली.

आमोइतने पाटी सोडलीच नाही. तिने सितुमाकडे पाहिलं, गुडघे टेकले आणि त्याच्या पावलावर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी पावलावर खळगा तसाच राहिला. तिने दुसऱ्या पावलावर दाबलं, तिथेही तसंच.

"याला आत्ता दवाखान्यात न्यायला हवं," ती म्हणाली. "आत्ताच."

"नेणार तर!" नामाएम्बा किंचाळली. "तुमच्याच अंड्यांनी सुजलाय तो! काय घातलं होतंत त्यात? माझं एकुलतं एक पोर आहे!"

कुंपणापलीकडून कुणीतरी ढेकूळ फेकलं. मोटरसायकलच्या टाकीवर आपटून ते फुटलं. दोन माणसं फाटकातून आत आली.

"थांबा," नाब्विले म्हणाली. आज तिचा दिवस होता. आयुष्यभर लोक तिला हसले, आज सगळं गाव तिच्या अंगणात तिच्या बाजूने उभं होतं. ती घरात गेली आणि टोपली घेऊन आली. सगळ्यांना दिसेल अशी ती टोपली तिने जमिनीवर ठेवली आणि एक तांबडं अंडं दगडावर फोडलं. असा घाण वास सुटला की माणसं मागे सरकली.

"बघा. माझ्या कोंबडीखाली ठेवली होती. घरच्या अंड्यांतून पिल्लं निघाली, ती तिथे दाणे टिपतायत. यातून एक नाही. मेलेली आहेत ही, पहिल्यापासून मेलेली!"

"ही कुठली अंडी, आई?" नामाएम्बाने विचारलं.

"तुझ्या पोराच्या वाटची. पण तू घाबरू नकोस. मी त्यातलं एकही त्याच्या पोटात जाऊ दिलेलं नाही. एकसुद्धा नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. नाब्विले अभिमानाने सुनेकडे बघत होती, शाबासकी मिळेल म्हणून. नामाएम्बा टोपलीकडे पाहत होती. मग तिने पोराच्या पावलावरचा खळगा पाहिला, मग सासूचं तोंड.

"एकसुद्धा नाही?" ती हळू आवाजात म्हणाली. "मग सुजला कशाने?"

काळी कोंबडी पिल्लांना घेऊन लोकांच्या पायांतून गेली.

"आजी," आमोइत म्हणाली, "ती पोल्ट्रीच्या शेडमधली अंडी आहेत. तिथे कोंबडाच नसतो. सगळ्या माद्या. अंडी घालतात, पण पिल्लू कुठून निघणार? खायला मात्र ती तुमच्या अंड्यांइतकीच कसदार असतात."

कोंबड्याशिवाय कोंबड्या पाळणारं घर नाब्विलेने जन्मात पाहिलं नव्हतं. ऐकलंही नव्हतं. तिने टोपलीकडे पाहिलं.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"कुणी उबवायला ठेवेल असं आमच्या डोक्यातच आलं नाही."

"शी कुठे टाकतो ते विचारायचं बरं डोक्यात आलं."

आमोइतने पुन्हा पोराच्या पावलाला हात लावला. ती नुसती म्हणाली, "ही सूज आहे, अंग भरणं नव्हे, आजी. पोटात नुसती पेज, दुसरं काही नाही, म्हणून अंगात पाणी साठलंय. उशीर करू नका."

नाब्विलेने तरीही तोंड उघडलं होतं, कुठला दवाखाना, कोण डॉक्टर, सुई टोचणार का, हे विचारायला. पण नामाएम्बाने विचारायची वेळच येऊ दिली नाही. तिने पोराला पाठीशी बांधलं आणि मोटरसायकलवर बसली. फाटकातली माणसं आपोआप बाजूला झाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

लोक पांगल्यावर खाकासा एकटी उरली. नाब्विलेला वाटलं, आता ही मनसोक्त बोलणार, आणि तिने बोलावं असंच तिला वाटत होतं. खाकासाने फुटलेल्या अंड्यावर माती लोटली.

"तो माझाही नवरा होता, अक्का," ती म्हणाली आणि आपल्या घरात गेली.

दुसऱ्या दिवशी नाब्विले पायी तालुक्याच्या दवाखान्यात पोचली, हातात पेजेचा डबा. पोर खाटेवर होतं, नाकात नळी, डोळे अर्धे उघडे. नर्स कपात दूध घेऊन आली. तोंडात शब्द आले ते सवयीने आले, नाब्विलेला ते अडवता आले नाहीत.

"आधी तू चाख."

नर्सने तिच्याकडे असं पाहिलं की दुसरं कुणी असतं तर जमिनीत गेलं असतं. नामाएम्बाने पुढे होऊन कप घेतला, एक घोट प्यायली, गिळला.

"चाखलं. आता तुम्ही बाहेर बसा, आई."

"आणि ही पेज?"

"ठेवा तिथे."

डबा कोपऱ्यात राहिला आणि आंबला. नाब्विले बाहेर भिंतीला टेकून बसली. तिला नांजाला आठवली. त्या पोरीच्या वेळी बोट दाखवायला गाडी होती, सुई होती, पांढरा कोट होता. सगळं आयुष्य तिने त्या गाडीला शिव्या देऊन काढलं होतं. या वेळी कुठलीच गाडी आली-गेली नव्हती. जे झालं ते तिच्या घरात, तिच्या चुलीवर, तिच्या हातांनी झालं होतं, आणि तेही प्रेमाने. ती तोंडात पदर कोंबून रडली. रांगेतल्या बायकांना वाटलं, हिचं कुणीतरी गेलं.

पोर गेलं नाही. सूज उतरली तेव्हा आत किती थोडं पोर होतं ते दिसलं, पण ते जगणार होतं.

त्याला घरी आणायच्या आधी नाब्विले पाणवठ्यावर गेली. अंडी चांगली आहेत, चूक माझी झाली, कोंबडा नव्हता म्हणून पिल्लं निघाली नाहीत, असं तिने जमलेल्या बायकांना स्वच्छ सांगितलं. तिला वाटलं होतं, वाईट सांगितलं तेव्हा विश्वास ठेवला, तर चांगलं सांगितल्यावर ठेवतीलच.

"काय दिलं गं तुला त्यांनी?" एकीने विचारलं.

"कोंबड्याशिवाय अंडं! आणि ते आम्ही मानायचं?" दुसरी म्हणाली. "मग खाऊन दाखव की एक. आधी तू चाख."

बायका हसल्या. एवढ्या लोकांसमोर, या वयात, अंडं? ती रिकामी घागर घेऊन परत आली. अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं की पाणी भरायचं राहिलं.

नामाएम्बा पोराला घेऊन आली. वांगिलाला तिने फोनवर काय सांगितलं, कळलं नाही. ती शेतात जाईना. पोराला सासूच्या मांडीवर ठेवेना. नाब्विले हात पुढे करायची, "या हो धनी," आणि पोरही हात पुढे करायचं, तेवढ्यात नामाएम्बा त्याला दुसऱ्या कडेवर घ्यायची. तिने वेगळी चूल मांडली. सासूने भरून ठेवलेलं पाणी ती ओतून द्यायची आणि नवीन आणायची. नाब्विले ते दारातून बघायची. तिला राग यायचा नाही. संशय कसा असतो हे तिला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती, पण तो आपल्या अंगावर आल्यावर किती लागतो, हे तिला आत्ता कळत होतं.

एका सकाळी नामाएम्बाला अंगणाबाहेर जावं लागलं. खाकासा नुकतीच अंडी ठेवून गेली होती. नाब्विलेने एक उचललं, उकडलं, सोललं, गरम गरम वाडग्यात कुस्करलं आणि चिमूटभर मीठ टाकलं. नामाएम्बा परत आली तेव्हा सासू पोराशेजारी जमिनीवर बसली होती, हातात वाडगं. तिने पोराला अजून भरवलं नव्हतं. ती वाट बघत होती.

"मी केलंय," नाब्विले म्हणाली. "त्याच्यासाठी."

नामाएम्बाने वाडगं घेतलं. त्यात नाक घालून वास घेतला. मग चमच्यावर एक घास घेतला आणि तो सासूपुढे धरला.

"आधी तुम्ही चाखा, आई."

दारात खाकासा येऊन उभी राहिली होती. तिने तोंडावर हात ठेवला. नाब्विलेने एकदा सवतीकडे पाहिलं, एकदा चमच्याकडे. मग तिने तोंड उघडलं. अंडं तिला मऊ लागलं, जरासं कोरडं लागलं, आयुष्यभर इतकं भिण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिने गिळलं.

नामाएम्बा थोडा वेळ थांबली, सासूच्या तोंडाकडे बघत राहिली. गिळल्यावर थोडं थांबायचं असतं, हेही ती नाब्विलेकडूनच शिकली होती. मग तिने उरलेलं अंडं सितुमाला भरवलं.